नादेय झिंगा, सामुद्र सुंगट

फोपनार हे गाव बऱ्हाणपूर जिल्ह्यात, तापीच्या खोऱ्यात आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते ठाऊक आहे ते तेथे सापडलेल्या प्राचीन कांस्य बुद्धमूर्तींमुळे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या मूर्ती पाहिल्यापासून हे गाव एकदा पाहावे असे मनात होते. गेलो, केळीच्या बागा पाहिल्या, मूर्तींविषयी चार शब्द ऐकले. परंतु परतताना डोक्यात घोळत राहिला तो भलताच विषय, आणि त्याचा उगम आमच्या यजमानांच्या ताटात होता.

रात्रीच्या जेवणात काळ्या मसाल्याचा रस्सा होता व त्यात बोटाएवढे, सडसडीत, लालसर झालेले जीव होते. मी गोमंतकीय, सहज बोलून गेलो, "वा, सुंगटां! इतक्या आत कोळंबी मिळते म्हणायची." यजमान गृहस्थ वयोवृद्ध, शेतकरी, बोलण्यात ठाम. ते म्हणाले, "पावणं, ही कोळंबी नाही. हा झिंगा आहे. कोळंबी समुद्राची, झिंगा नदीचा. जात वेगळी."

मी पहिला घास घेतला आणि मनात म्हणालो, चवीत तरी वेगळी आहे खरी. आमच्या सुंगटांचा तो अंगचा गोडवा यात नव्हता. पण जात? ज्याला आपण नुसता पाण्याचा फरक समजतो तो वंशाचा फरक असेल काय? घरी आल्यावर पुस्तके चाळली, आणि यजमानांचे म्हणणे पुष्कळसे खरे निघाले. जेथे ते अपुरे पडले तेथेच खरी गंमत होती.

हा भेद आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटलेला नाही. सुश्रुतसंहितेत मत्स्यांचे दोन प्रकार मानले आहेत, नादेय आणि सामुद्र. नदीचे आणि समुद्राचे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. त्यातील मत्स्यविनोदाच्या प्रकरणात राजाने मासे कसे गळाला लावावेत, त्यांना कोणते आमिष घालावे हे सांगताना माशांची वर्गवारी केली आहे. तीही पाण्यावरून आणि खवल्यांवरून. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. कोळंबी हा मासा नव्हे, कवचधारी प्राणी, खेकड्याचा भाऊबंद. पण पाण्यावरून जात ठरवण्याची ही दृष्टी आपल्याकडे किती जुनी आहे हे त्यावरून दिसते. संस्कृत कोशांत कोळंबीला 'चिङ्गट' असा शब्द आढळतो. बंगालीतली चिंगडी, हिंदीतला झींगा आणि आपल्या कोंकणीतले सुंगट यांच्याशी त्याचे साम्य कानाला जाणवते. व्युत्पत्तीचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा. मला एवढेच म्हणायचे आहे की फोपनारचा झिंगा आणि पणजीचे सुंगट ताटात वेगळे असले तरी शब्दांत कदाचित सख्खे निघतील.

युरोपीय विद्वानांनी या प्राण्यांना शास्त्रीय नावे दिली तेव्हा मात्र एक मौज झाली. लिनिअसचा शिष्य, डेन्मार्कचा फाब्रिसिअस याने 1798 साली समुद्री कोळंबीच्या एका कुळाला 'पेनेअस' हे नाव दिले. पेनेअस ही ग्रीकांची नदीदेवता, थेसली प्रांतातल्या नदीची. उलट 'पॅलेमॉन' हा त्यांचा समुद्रदेव. त्याचे नाव ज्या कुळाला मिळाले त्यात पुढे दीर्घकाळ नदीतले झिंगे घातले जात होते. म्हणजे समुद्रवासिनीला नदीचा देव आणि नदीवासिनीला समुद्राचा देव! पुढे नदीतल्या लांब हातांच्या झिंग्यांसाठी 'मॅक्रोब्रॅकियम', म्हणजे 'मोठ्या बाहूंचा', हे नाव रूढ झाले आणि घोळ काहीसा निस्तरला. इंग्रजीतही 'श्रिंप' आणि 'प्रॉन' यांचा असाच गोंधळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने समुद्रातल्या त्या श्रिंप आणि गोड्या पाण्यातल्या त्या प्रॉन असा व्यवहारापुरता संकेत पाडला. बाजारात तो कोणी पाळत नाही.

आता यजमानांच्या 'जात वेगळी' या म्हणण्याकडे वळू. बाजारात कोळंबी घेताना वाचकांनी एकदा ती हातात धरून नीट पाहावी. शेपटाकडच्या भागावर कवचाची कडी एकावर एक कौलांसारखी बसवलेली असतात. समुद्री कोळंबीत पहिल्या कड्याची बाजू दुसऱ्यावर येते, दुसऱ्याची तिसऱ्यावर, अशी सरळ कौले. नदीच्या झिंग्यात दुसऱ्या कड्याची बाजू रुंद असून ती पुढच्याही आणि मागच्याही कड्यावर चढलेली दिसते. पाय पाहा: समुद्रीच्या पहिल्या तीनही जोड्यांना टोकाशी चिमटे असतात, झिंग्याच्या पहिल्या दोनच जोड्यांना. त्यातली दुसरी जोडी कित्येक जातींच्या नरात इतकी लांब वाढते की ती अंगाहून लांब होते. मोठ्या झिंग्यात ती निळसर असते आणि हातात भाला घेतल्यासारखी दिसते.

परंतु सर्वांत मोठा भेद आईच्या वागण्यात आहे. समुद्री कोळंबी आपली अंडी समुद्रात मोकळी सोडून देते. एका वेळी लाखोंच्या संख्येने सोडते आणि पुढे त्यांच्याकडे वळून पाहत नाही. नदीची झिंगी अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून घेते, दिवसेंदिवस बाळगते, पाय हलवून त्यांना ताजे पाणी देत राहते आणि पिले फुटेपर्यंत सोडत नाही. पोटाखाली अंड्यांचा घोस घेतलेली कोळंबी तुमच्या टोपलीत आली तर ती पेनेअसच्या कुळातली नव्हे हे खुशाल समजावे.

आणि चव? तीही पाण्यानेच ठरते. समुद्राच्या पाण्यात हजारी सुमारे पस्तीस भाग क्षार असतात. अशा खारट पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला आपल्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाऊ नये म्हणून पेशींत काहीतरी विरघळवून ठेवावे लागते. कोळंबी त्यासाठी ग्लायसीनसारखी अमिनो आम्ले साठवते. ग्लायसीन जिभेला गोड लागते. आमच्या सुंगटांचा गोडवा तो हाच. गोड्या पाण्यातल्या झिंग्याचे संकट नेमके उलटे. त्याचे रक्त बाहेरच्या पाण्याहून खारट, म्हणून पाणी सतत आत शिरते. ते मिशांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींवाटे तो एकसारखे बाहेर टाकतो आणि गेलेला क्षार कल्ल्यांवाटे पाण्यातून परत वेचून घेतो. त्याला गोडव्याचा साठा करण्याची गरज नसते. गोड्या पाण्यातला तो कमी गोड आणि खाऱ्या पाण्यातली ती गोड, हा उलटा न्याय मला फोपनारच्या ताटातच कळायला हवा होता.

येथवर यजमान बरोबर होते. पण 'झिंगा नदीचा' हे सूत्र एके ठिकाणी अडखळते, आणि त्या जागेचा इतिहास आपल्याच मुलखात घडला आहे.

जॉन ग्रँट माल्कमसन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर मद्रासच्या लष्करी वैद्यक खात्यात होता. बेरीबेरी या रोगावर त्याने 1835 साली निबंध प्रसिद्ध केला. त्याचे नाव वैद्यकाच्या इतिहासात त्यामुळे राहिले. पण त्याचा खरा जीव दगडांत होता. हैदराबाद ते नागपूर या टापूत फिरून त्याने दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दडलेले गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे अवशेष शोधले. याच फिरण्यात नागपूरकडच्या नद्यांतला एक मोठा झिंगा त्याच्या हाती आला. पॅरिसचे प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी व्हिक्तोर जाकमाँच्या हिंदुस्थान-प्रवासाच्या ग्रंथमालेत 1844 साली त्याचे वर्णन केले आणि त्याला माल्कमसनचे नाव दिले: 'पॅलेमॉन माल्कमसोनी', आजचा मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. जाकमाँ स्वतः 1832 सालीच मुंबईस वारला होता. माल्कमसन पुढे मुंबईत व्यापारी पेढीत शिरला, पण दगड सुटले नाहीत. गुजरातकडे संशोधन करीत असता त्याला ताप भरला आणि 1844 सालीच धुळ्यास त्याचे देहावसान झाले. धुळे पांझरेच्या काठी, म्हणजे तापीच्याच खोऱ्यात. त्याचे नाव ज्या वर्षी झिंग्याला लागले त्याच वर्षी तो गेला.

हा झिंगा सुमारे वीतभर वाढतो. तो नागपुरास सापडला हे वाचून कोणालाही वाटेल की हा पक्का नदीचा, डोंगराळ मुलखातला प्राणी. तसे नाही. गोदावरीवर काम करणाऱ्या मत्स्यशास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या मध्यावर असे आढळून आले की याची अंडी धरलेली मादी प्रवाहाबरोबर खाली, खाडीकडे उतरते. पिलांना वाढीसाठी मचूळ पाणी लागते. आणि नंतर ती कोवळी पिले काठाकाठाने, प्रवाह कमी असेल तेथून, पुन्हा नदी चढू लागतात. नागपूरकडचे पाणी कन्हानेतून वैनगंगेत, तेथून प्राणहितेत, मग गोदावरीत आणि शेवटी पूर्व समुद्रात जाते. कित्येक शे किलोमीटरांची ही वाट. करंगळीच्या पेराएवढ्या जिवाने ती उलट दिशेने चढायची.

आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. या झिंगीचे माहेर म्हणजे खाडी. नांदायला नदी, बाळंतपणाला खाडी.

आणि हे कळल्यावर समुद्री कोळंबीचा क्रम पाहिला तर तो आरशातल्या बिंबासारखा उलटा दिसतो. ती समुद्रात अंडी सोडते. पिले भरतीबरोबर खाडीत शिरतात. खाडीच्या मचूळ, अन्नाने भरलेल्या पाण्यात तीन-चार महिने पोसली की ओहोटीबरोबर पुन्हा समुद्राकडे निघतात. म्हणजे दोघींचे पाळणाघर एकच, खाडी. एक वरून उतरते, दुसरी खालून चढते. नादेय आणि सामुद्र या दोन नावांच्या मध्ये जी जागा उरते तीच दोघींना सगळ्यांत अधिक हवी असते.

गोव्याच्या लोकांनी ही जागा शतकानुशतके ओळखली आहे. आमची खाजन जमीन ती हीच. खाडीकाठची, समुद्रसपाटीहूनही सखल अशी जमीन बांध घालून राखायची, बांधाला 'मानस' म्हणजे लाकडी झडपांचा दरवाजा ठेवायचा. भरतीला पाण्याच्या दाबानेच झडप मिटते, ओहोटीला उघडते. पावसाळ्यात कोरगुटासारखे खारे सोसणारे भात पिकवायचे, उरलेल्या काळात खारे पाणी मोजून आत घ्यायचे; त्या पाण्याबरोबर सुंगटांची पिले येतात, वाढतात, आणि परतताना मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात अडकतात. मानशीच्या मासेमारीचा लिलाव होतो आणि बांधांच्या डागडुजीची जबाबदारी गावाची. ज्या गावकरीने ही व्यवस्था उभी केली तिचे रीतिरिवाज पोर्तुगीजांनी 1526च्या फोरालात नोंदवले. व्यवस्था त्याहून जुनी आहे. यात एक तोल होता: भातासाठी गोडे, सुंगटांसाठी खारे, आणि दोहोंचा पाळीने हक्क. सुंगटांचा भाव चढला तसा तोल एका बाजूला झुकला. मानस अधिक काळ उघडी ठेवून भाताच्या जमिनीत खारे पाणी मुरू द्यायचे, ही तक्रार गोव्यात आज कित्येक वर्षे ऐकू येते. एकदा मुरलेले मीठ जमिनीतून सहजासहजी निघत नाही. खारफुटीच्या आणि शेतीच्या जमिनीवरील कोळंबीशेतीचा प्रश्न पूर्व किनाऱ्यावर एवढा विकोपास गेला की सर्वोच्च न्यायालयाला 1996 साली एस. जगन्नाथ यांच्या खटल्यात किनारपट्टीवरील कोळंबीच्या तलावांवर कडक निर्बंध घालावे लागले.

खाडीच्या वाटेवर असे घडले. नदीच्या वाटेवर काय घडले? धवळेश्वरमला गोदावरीवर सर आर्थर कॉटनने 1852 साली बंधारा पुरा केला. बंधारा बुटका, पुरात पाणी त्यावरून वाहणारा. तरी तेथे कोवळे झिंगे बांधाशी दाटून अडलेले दिसत आणि लोक ते टोपल्यांनी भरीत. पुढे मोठी धरणे झाली. 2019 साली प्राणहितेच्या संगमाच्या खाली मेडीगड्डाचा बंधारा उभा राहिला, आणि त्या वाटेवर आणखी एक भिंत आली.

तापीचेही तेच. मुलताईहून निघून सव्वासातशे किलोमीटर वाहून ती सुरतेच्या खाली समुद्रास मिळते. सुरत ते बऱ्हाणपूर हा मोगलाईतला मोठा राजरस्ता; 1615 साली सर टॉमस रो याच वाटेने बऱ्हाणपुरास आला. व्यापारी, सैन्य, मीठ, सुके मासे, सगळे या खोऱ्याने वर चढत असे, आणि आजही खानदेशच्या आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील यांचा ढीग दिसतो. पाण्याची वाट मात्र क्रमाक्रमाने बंद झाली: 1954च्या सुमारास काकरापार, 1972 साली उकाई, 1982 साली भुसावळजवळ हतनूर. बऱ्हाणपूरच्या खाली आता या तीन तरी भिंती आहेत. कधीकाळी मोठा झिंगा येथवर चढत असो वा नसो, आता ज्याला खाडीची गरज आहे असा कोणताही जीव या गावाशी नाते ठेवू शकत नाही.

मग आमच्या ताटात होता तो कोण? ज्याने समुद्राचा संबंधच सोडला आहे असा. लामारीचा झिंगा किंवा त्याच्या लहान भाऊबंदांपैकी एखादा. भारतातल्या बहुतेक नद्या-तलावांत तो आढळतो. त्याची मादी अंडी थोडी घालते, पण मोठी. आत साठा पुरेसा असल्यामुळे पिलू बरेचसे पुरे होऊनच बाहेर पडते आणि त्याला खाऱ्या पाण्याची पायरी लागत नाही. मोठा झिंगा बारीक अंडी हजारोंनी घालतो आणि पिलांना खाडीच्या भरवशावर सोडतो. हा मूठभर अंड्यांवर भिस्त ठेवतो आणि जन्मभर एकाच डोहात राहतो. भिंतींचा त्याला उपद्रव नाही. 'झिंगा नदीचा' हे यजमानांचे वाक्य या एका झिंग्यापुरते अक्षरशः खरे आहे.

हे सगळे मी यजमानांना पत्राने कळवले. त्यांचे उत्तर दूरध्वनीवरून आले. त्यांनी शेततळे खोदले होते आणि त्यात मोठ्या झिंग्याचे बीज सोडायचा बेत होता. हा मोठा झिंगा म्हणजे 'रोझेनबर्गी'. न्यू गिनीत जर्मन निसर्गशोधक रोझेनबर्ग याने मिळवलेल्या नमुन्यावरून डच विद्वान डी मान याने 1879 साली वर्णिलेला. भारताच्या किनारी नद्यांत, नर्मदेच्या मुखाशी भडोचकडेही, तो आहे. गोड्या पाण्याच्या झिंग्यांत हा सर्वांत मोठा, फूटभर वाढणारा. त्याची पिले पाळणे कोणालाच जमत नव्हते. अंड्यांतून फुटत आणि चार-पाच दिवसांत मरत. 1960च्या दशकाच्या आरंभी मलायात पेनांग येथे शाओ-वेन लिंग यांनी पाण्यात मीठ वाढवून पाहिले आणि पिले जगली. समुद्राइतके नव्हे, हजारी बारा भागांच्या आसपास, म्हणजे खाडीएवढे. नंतर हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली. जगभरचे झिंग्याचे तलाव त्या मचूळ पाण्यावर उभे आहेत.

"मग खारे पाणी आमच्याकडे काय कमी आहे?" यजमान म्हणाले. "पूर्णेकडचा खारपाणपट्टा जवळच. तिथल्या विहिरींचे पाणी खारटच. पूर्वी त्यापासून मीठ काढायचे."

मी सांगितले की खारे पाणी म्हणजे खाडीचे पाणी नव्हे. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात पोटॅशिअम बहुधा फार कमी असते, आणि तेवढ्या उणिवेने कोळंबीची पिले दगावतात. हरियाणात अशा खाऱ्या भूजलात आता समुद्री वनामी कोळंबी वाढवतात, पण पाण्यात नेमके क्षार घालून, बीज किनाऱ्यावरून आणून. वनामी म्हणजे अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची पाहुणी. आपल्याकडे 2009 साली तिच्या संवर्धनाला सरसकट परवानगी मिळाली आणि तिने आमच्या देशी वाघी कोळंबीला तलावांतून जवळजवळ हुसकावून लावले. ती हकिगत वेगळी आहे.

यजमान थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "म्हणजे बीज सोडले तर वाढेल?"

"वाढेल. सहा-आठ महिन्यांत विकण्याजोगे होईल."

"मादीला अंडी येतील?"

"येतील. पोटाखाली घेऊन हिंडेल. पिलेही फुटतील."

"आणि पिले?"

"चार-पाच दिवस."

"म्हणजे दरवर्षी सून बाहेरून आणायची," ते म्हणाले, "आणि घरात पाळणा हलायचा नाही." मग केळीला पाणी सोडायची वेळ झाली म्हणून त्यांनी दूरध्वनी ठेवला. बीज मात्र त्यांनी सोडले आहे, असे नंतर कळले.